हा एक आहे की सात

अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन बुधवारी सकाळी ठरलं, आणि तिने फोनवर अण्णांना सांगितलं की पट्टी बांधायच्या आधी मला तुझं तोंड बघायचं आहे. अक्का अण्णांपेक्षा चौदा वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती सीमेपलीकडच्या देशात गेली त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती, आणि भावाबहिणीची शेवटची भेट होऊन अकरा. तिला आता धड दिसत नव्हतं. पण जेवढं दिसतं तेवढ्यात तू मावशील, असं ती म्हणाली. आई लवकर गेल्यामुळे अण्णांचे पाढे घेण्यापासून त्यांचे सदरे शिवण्यापर्यंत सगळं अक्कानेच केलं होतं. त्यामुळे अक्काने काही विचारलं की अण्णा चौसष्टाव्या वर्षीही आधी ‘हो’ म्हणायचे आणि मग तिने काय विचारलं होतं ते आठवायचे. त्या दिवशीही ते हो म्हणाले. फोन ठेवताना अक्का म्हणाली, येताना आईचं शिवणयंत्र आण. अण्णा त्यालाही हो म्हणाले.

विमानाचा प्रश्नच नव्हता. विमानात अण्णांच्या कानात दडे बसत आणि ते आठवडाभर निघत नसत. शिवाय शिवणयंत्र मांडीवर घेऊन विमानात कसं बसणार? राहिली गाडी. गाडी एकोणीस वर्षांची, फिकट पिवळी. एवढ्या आयुष्यात ती बाजार, दवाखाना आणि पत्नीच्या माहेरापलीकडे कुठे गेली नव्हती. ती परदेशात जाणार म्हटल्यावर इमारतीत तिला एकदम मान आला. येणारे-जाणारे बॉनेटवर हात ठेवून उभे राहू लागले.

हात ठेवला की सल्ला निघायचा. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनियरांनी स्वतः कधी सीमा ओलांडली नव्हती, पण त्यांच्या जावयाने ओलांडली होती, आणि जावयाच्या अनुभवावर त्यांचाच हक्क असल्यासारखे ते बोलत. त्यांचं म्हणणं, तिथे मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. समोरच्या औषधवाल्यांचं म्हणणं, मूळ कागद आधीच हातात ठेवायचे, नाहीतर संशय येतो. तळमजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं की फोटोत चष्मा नको. औषधवाले म्हणाले, चष्मा नसेल तर हा माणूस तो नव्हेच म्हणतील. विचारल्याशिवाय बोलू नका, असं एकाने बजावलं. गप्प बसलात तर गाडीचे दरवाजे खोलून बघतात, असं दुसऱ्याने. अण्णा सगळ्यांचं हसून ऐकून घेत. कागदपत्रांच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवावं याची त्यांना मनातून गंमत वाटत होती.

कारण अण्णा एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं होते, त्यातली शेवटची नऊ हेडक्लार्क. आलेला अर्ज आधी आडवा वाचायचा, मग उभा वाचायचा, राहिलेली गोष्ट हुडकून काढायची आणि समासात ‘पूर्तता करून आणावी’ असं लिहून परत करायचा, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कचेरीत त्यांचं नावच ‘पूर्तता’ पडलं होतं. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि ते एखाद्या पदवीसारखं त्यांनी मनोमन स्वीकारलं होतं. त्यातून अक्षर असं की निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात बाकी काही न आठवल्यामुळे अक्षराचीच दहा मिनिटं स्तुती केली.

गाडी परदेशात न्यायची तर एक फॉर्म लागतो. त्यावर गाडीचा सगळा तपशील असतो आणि ही गाडी आम्ही तिकडे विकणार नाही, परत आणू, अशी हमी असते. लोक त्याला गाडीचा पासपोर्ट म्हणतात. तो मोटार संघाच्या कचेरीत मिळतो. तिथे खिडकीशी एक तरुण मुलगी होती. तिने नम्रपणे सांगितलं की काका, तपशील द्या, मी टाइप करून देते. टायपिंगवर अण्णांचा विश्वास नव्हता. टाइप करणारा माणूस कागदाकडे न बघता यंत्राकडे बघतो आणि घोटाळे तिथेच होतात, हे त्यांनी तिला सांगितलं. कचेरीतली दोन-तीन उदाहरणंही दिली. मुलगी म्हणाली की हाताने लिहिलेले फॉर्म सीमेवर कधीकधी अडवतात. अण्णांनी खिशातून शाईचं पेन काढलं आणि तिला सांगितलं, की माझं अक्षर अडवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. फॉर्म तिने दोन्ही हातांनी दिला.

मंगळवारी पहाटे निघून नऊच्या सुमाराला ते दोघं सीमेवर पोचले. दोघं म्हणजे अण्णा आणि त्यांची बायको. तिला सगळी इमारत काकू म्हणायची, म्हणून आपणही काकूच म्हणू. मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेलं शिवणयंत्र, त्याला सीटबेल्ट लावलेला.

आपल्या बाजूची कचेरी म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं आणि सर्दी झालेला एक कारकून. त्याने शिंकत शिंकत कागद पाहिले, संगणकात ‘गाडी बाहेर गेली’ अशी नोंद केली आणि फॉर्मवर शिक्का मारला. सगळं वीस मिनिटांत. अण्णांनी गाडीत बसताना काकूंना समजावलं की कागद स्वच्छ असले की असं होतं. लोक उगाच सरकारला नावं ठेवतात. काकू बरं म्हणाल्या.

आपलं फाटक मागे पडलं. पलीकडचं फाटक समोर होतं. मधे साधारण चारशे पावलांचा रस्ता, दोन्ही बाजूंनी तारेचं कुंपण, कडेला ट्रकांची रांग आणि एक पत्र्याची शेड. हा रस्ता कोणाचा, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. अण्णा तो ओलांडून पलीकडच्या खिडकीशी गेले. भाषेची अडचण नव्हती. दोन्हीकडे एकच भाषा, फक्त त्यांचा हेल जरा लांबवलेला. खिडकीत पन्नाशीच्या एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी फॉर्म घेतला, ‘काय सुंदर अक्षर आहे’ म्हणाल्या, आणि अण्णांनी नकळत कॉलर सारखी केली.

बाई गाडीचा चासी नंबर संगणकात घालू लागल्या. थांबल्या. पुन्हा घातला. मग फॉर्म खिडकीतून बाहेर सरकवला आणि पेन्सिलीच्या टोकाने एक आकडा दाखवला.

“हा एक आहे की सात?”

“अर्थातच एक,” अण्णा म्हणाले.

“आणि हा?”

“तोही एक.”

“मग हा?”

अण्णांनी चष्मा वर-खाली केला. अण्णांच्या अक्षरातला एक हा नुसती उभी रेघ नसायचा. त्याला वर डौलदार वळण असायचं, तुरा काढल्यासारखं. सातालाही तसंच वळण असायचं. कचेरीत हे बत्तीस वर्षं चाललं होतं आणि आज प्रथमच त्यांच्या लक्षात आलं, की हा कुठला ते आपल्यालाच सांगता येत नाही.

“बहुतेक सात,” ते म्हणाले. ‘बहुतेक’ हा शब्द त्यांनी सरकारी खिडकीशी आयुष्यात पहिल्यांदा वापरला.

बाईंनी मन लावून समजावलं. नंबरात असे सहा आकडे होते. गाडीचं नोंदणी पुस्तक पाहून खरा नंबर त्यांना कळत होता, पण फॉर्मवरचा आकडा स्पष्ट पाहिजे, आणि फॉर्मवर खाडाखोड चालत नाही. नवा फॉर्म आणावा लागेल. अण्णांना वाद घालायचा होता, पण खाडाखोड चालत नाही हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. ते त्यांनी इतक्या लोकांना, इतक्या शांतपणे ऐकवलं होतं की त्याच्याविरुद्ध बोलायला त्यांच्याकडे एक शब्द नव्हता. त्यांना उगाचच एक म्हातारे शेतकरी आठवले, ज्यांना त्यांनी एका अनुस्वारासाठी पाच वेळा परत पाठवलं होतं. पाचव्या वेळी ते नमस्कार करून गेले होते. तेव्हा अण्णांना तो नमस्कार आदराचा वाटला होता.

काकूंना गाडीतच बसवून अण्णा चालत आपल्या बाजूला परत आले. सर्दीवाल्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं आणि खरोखर वाईट वाटल्यासारखी मान हलवली. अडचण अशी होती की त्याच्या संगणकात गाडी देशाबाहेर गेलेली होती. नवा फॉर्म आणायला घरी जायचं तर गाडी परत देशात घ्यायला हवी. परत घ्यायची तर दुसरा एक फॉर्म, आणि त्यातल्या पहिल्याच रकान्यात परदेशातून बाहेर पडल्याचा शिक्का. पण परदेशाने तर गाडी आत घेतलीच नव्हती. म्हणजे गाडी जिथे गेली नव्हती तिथून निघाल्याचा पुरावा हवा होता.

“मग आत्ता माझी गाडी कुठे आहे?” अण्णांनी विचारलं.

कारकुनाने संगणकाकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि शिंकला. “ती तिथे दिसतेय,” तो म्हणाला, “पण कागदावर कुठेच नाही.”

अण्णा मधल्या रस्त्याने परत निघाले तेव्हा पलीकडच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांचा पासपोर्ट मागितला. त्याने तो तासाभरापूर्वीच पाहिला होता. पण नियम म्हणजे नियम, आणि अण्णांनी तो निमूटपणे दाखवला. त्या दिवशी त्यांनी या रस्त्याने अकरा खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला पहारेकरी पासपोर्ट उघडण्याऐवजी नुसता हातात घेऊन परत देऊ लागला. पाचव्या खेपेला तो अण्णांना काका म्हणू लागला. सातव्या खेपेला त्याने चौकीतलं स्टूल बाहेर आणून ठेवलं आणि म्हणाला, जरा टेका.

काकू एव्हाना गाडीत नव्हत्याच. त्या शेडमध्ये एका ट्रक ड्रायव्हरशी बोलत बसल्या होत्या. काकू अनोळखी माणसाशी पाच मिनिटं बोलल्या की त्याचं दुखणं, त्याच्या मुलांच्या इयत्ता आणि घरी भाड्याने राहतो की स्वतःच्या, एवढं त्यांना कळलेलं असायचं. या सवयीचा अण्णांना नेहमीच संकोच वाटत आला होता. हा ड्रायव्हर फरशा घेऊन चालला होता आणि दोन दिवस इथेच होता. त्याच्या कागदांत फरशांची संख्या बरोबर होती पण रंग चुकला होता. तरी माणूस असा निवांत की आरशाला साबणाचा फेस लागेल इतक्या जवळून तो दाढी करत होता. निघालो एवढंच मी घरी कळवतो, कधी पोचतो ते सांगत नाही, असं तो काकूंना म्हणाला होता. त्यानेच उपाय सुचवला. ज्या कचेरीने फॉर्म दिला तिने नवीन करून सीमेवर पाठवला, तर पलीकडच्या बाई तो छापून घेतात. त्याने एकदा तसं केलं होतं. फोन करा.

तिथे फोन करायचा म्हणजे कोणाला, हे अण्णांना बरोबर ठाऊक होतं.

त्यातून फोन लागेना. दोन देशांच्या मधल्या त्या पट्टीत दोन्हीकडचं नेटवर्क येऊन एकमेकांशी भांडत असावं. ड्रायव्हर म्हणाला की इथे एकच जागा आहे, माझ्या केबिनचा टप. तेव्हा अण्णा, इस्त्रीच्या पँटीत, खिशाला शाईचं पेन लावलेलं, ड्रायव्हरच्या खांद्याला धरून पायरीवर, पायरीवरून आरशाच्या दांडीवर आणि दांडीवरून टपावर चढले. चढताना पँटीच्या शिवणीने एक छोटासा आवाज केला. त्यांनी तो ऐकला नाही असं दाखवलं. दोन देशांतली माणसं खालून बघत होती.

फोन त्या मुलीनेच उचलला. अण्णांनी सुरुवातीला कचेरीतल्या पत्रासारखी मोठी प्रस्तावना केली. आपल्या कार्यालयाकडून अमुक तारखेला प्राप्त झालेल्या, वगैरे. मग वाक्य मधेच तुटलं आणि ते म्हणाले, “अगं, माझ्या अक्षरातला एक आणि सात सारखाच निघतो. तुझं ऐकायला हवं होतं.”

आता ती आपल्याला स्वतः येऊन अर्ज द्यायला सांगणार, असं अण्णांना वाटलं. तिच्या जागी ते असते तर त्यांनी तेच केलं असतं.

“काका, मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “तुम्ही गेलात त्याच दिवशी मी नोंदणी पुस्तकाच्या प्रतीवरून तो टाइप करून ठेवलाय. साहेबांची सहीसुद्धा झालीय. फक्त कुठे पाठवायचा ते सांगा.”

अण्णा टपावर मटकन बसले. पत्रा उन्हाने तापला होता, तरी बसून राहिले. खालून काकूंनी विचारलं, काय म्हणते? त्या मुलीने हे कशासाठी केलं असावं, हेच अण्णांना समजत नव्हतं. अर्ज बाद झालेला नसताना त्याची दुरुस्ती आधीच करून ठेवणारा माणूस त्यांनी सबंध नोकरीत पाहिला नव्हता. खरं म्हणजे, असं करता येतं हेच त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

दहा मिनिटांत फॉर्म पलीकडच्या खिडकीत आला. बाईंनी तो छापला. पण आता या नव्या फॉर्मवर आपल्या बाजूचा शिक्का हवा होता, जुन्या फॉर्मवरचा रद्द व्हायला हवा होता, आणि रद्द करायचा अधिकार सर्दीवाल्या कारकुनाला नव्हता, त्याच्या वरिष्ठांना होता. वरिष्ठ दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. तीनपर्यंत येतील, असं कारकून म्हणाला. पलीकडचं खाजगी गाड्यांचं फाटक पाचला बंद होतं. अण्णांनी घड्याळ पाहिलं. सव्वा बारा झाले होते. अक्काला सकाळी साडेसातला दवाखान्यात भरती व्हायचं होतं. आज पलीकडे गेलो नाही, तर तिने मागितलेली एकच गोष्ट राहून जाणार. अण्णा शेडमधल्या बाकावर बसले आणि फॉर्मची घडी उलगडत, पुन्हा घालत राहिले. काकूंनी त्यांच्या हातातून फॉर्म काढून पर्समध्ये ठेवला.

तेवढ्यात पलीकडचा तपासनीस आला. वेळ जात होता म्हणून त्याने गाडी तपासून घेतली आणि मागच्या सीटवर सीटबेल्ट लावून बसलेलं ते चादरीतलं काय आहे, असं विचारलं. काकूंनी चादर काढली. हाताने फिरवायचं काळं शिवणयंत्र. सोनेरी वेलबुट्टी अर्धी पुसलेली.

तपासनीसाने यादी पाहिली. यादीत ते यंत्रसामग्री या सदरात येत होतं. यंत्रसामग्रीला वेगळं घोषणापत्र, त्यात उत्पादकाचं नाव, क्षमता आणि वापराचा उद्देश. अण्णांनी डोळे मिटले. काकूंनी मात्र तपासनीसाला बाकावर बसायला सांगितलं आणि यंत्राचा छोटा खण ओढला. त्यात निघालं ते असं: सात वेगवेगळी बटणं, शिंप्याच्या खडूचा तुकडा, दोन तुटक्या सुया आणि सासूबाईंचं पितळेचं अंगुस्तान, खळ्या पडलेलं. अंगुस्तान त्यांनी तपासनीसाच्या बोटात घालून दाखवलं. ते त्याच्या करंगळीतही जाईना. एवढ्या लहान हाताची बाई होती, काकू म्हणाल्या. ती गेली तेव्हा हे माझे मिस्टर सात वर्षांचे होते. मोठ्या बहिणीने याच यंत्रावर त्यांचे कपडे शिवले. उद्या तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, दिसायला लागलं की तिला हे हवंय.

तपासनीसाने अंगुस्तान जपून खणात परत ठेवलं. मग म्हणाला की घरगुती वापराची वस्तू म्हणून घालता येईल, पण वापरात आहे हे मला बघावं लागेल, नुसती जुनी असून भागत नाही.

त्यावर काकूंनी यंत्र शेडमधल्या टेबलावर मांडलं, पर्समधून दोऱ्याचं रीळ काढलं आणि अण्णांना म्हणाल्या, पँट द्या. ड्रायव्हरने आपली लुंगी पुढे केली. पुढचा अर्धा तास हेडक्लार्क अण्णा, दोन्ही देशांच्या मधे, परक्या माणसाची चौकड्यांची लुंगी नेसून बसले होते. त्या अर्ध्या तासात त्यांच्या प्रतिष्ठेचं जे काही उरलंसुरलं होतं ते गेलं, आणि गंमत म्हणजे गेल्यावर त्यांना जरा गारच वाटलं. पँट झाल्यावर काकूंनी पहारेकऱ्याच्या रेनकोटाचा फाटलेला खिसा शिवला. मग ड्रायव्हरच्या सीटचं कव्हर. मग तपासनीसाने संकोचत स्वतःच्या कोटाचं अस्तर पुढे केलं. वापर सिद्ध झाला. कागदावर त्याने उद्देशाच्या रकान्यात ‘कुटुंबासाठी शिवण’ असं लिहिलं. वस्तू तात्पुरती जाणार की कायमची, असा पुढचा रकाना होता. काकूंनी विचार करून सांगितलं की तात्पुरती लिहा, पण घाई नाही. त्याने तात्पुरती एवढंच लिहिलं.

तीनचे साडेतीन झाले. वरिष्ठ येईनात. अण्णांनी आणखी दोन खेपा घातल्या. सर्दीवाल्या कारकुनाने शेवटी स्वतःच्या फोनवरून दाताच्या डॉक्टरांना फोन लावला आणि काय सांगितलं कोण जाणे, चार वाजून दहा मिनिटांनी वरिष्ठ सायकलवरून आले. अर्धं तोंड इंजेक्शनने बधिर, गालावर रुमाल. त्यांनी जुना फॉर्म पाहिला, नवा पाहिला, आणि काहीतरी लांबलचक बोलले. त्यातला एक शब्द कुणाला कळला नाही. अण्णांचा चेहरा पडला. हा नकारच, अशी त्यांची खात्री झाली, कारण ते स्वतः नकार देताना असंच लांबलचक बोलत. वरिष्ठांनी त्यांच्याकडे पाहिलं, रुमाल बाजूला केला आणि कोऱ्या कागदावर लिहून दाखवलं: ‘बहिणीला सांगा, डोळ्याचं ऑपरेशन दातापेक्षा सोपं असतं. माझी दोन्ही झाली आहेत.’ मग त्यांनी जुना शिक्का रद्द केला, नवा मारला, सही केली आणि सायकलला टांग मारून पुन्हा डॉक्टरकडे गेले. अर्धवट सोडून आले होते.

अकरावी खेप अण्णांनी पळत घातली. चौसष्टाव्या वर्षी, कागद डोक्याच्या वर धरून. पहारेकऱ्याने लांबूनच फाटकाशेजारची वाट मोकळी केली. खिडकीतल्या बाई नवा फॉर्म घेऊन स्वतः बाहेर आल्या. नंबर गाडीवरच्या पाटीशी ताडून बघायचा होता, आणि पाटी बॉनेटखाली, एकोणीस वर्षांच्या काळ्या तेलकटाच्या थराखाली. ड्रायव्हरने चिंधीने ती घासली. बाई वाकून एकेक आकडा मोठ्याने वाचू लागल्या आणि प्रत्येक आकड्याला अण्णा, ड्रायव्हर, तपासनीस आणि काकू मान हलवू लागले. एक. सात. सात. एक. शेवटचा आकडा जुळला तेव्हा पाच वाजायला बारा मिनिटं होती.

बाईंनी शिक्का मारला. “जा लवकर,” त्या म्हणाल्या, “तुमच्या बहिणीला अंधारून आलं की कमी दिसत असेल.”

हे अण्णांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांना बाईंना काहीतरी सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं ते ‘आम्ही आपले आभारी आहोत’, आणि तेही असं की जणू खाली जावक क्रमांक यायचा आहे. फाटक वर गेलं. पहारेकऱ्याने सलाम केला. ड्रायव्हर मागे राहिला, त्याच्या फरशांचा रंग अजून ठरायचा होता. गाडी सुरू झाल्यावर अण्णांनी काच खाली करून त्याच्याकडे बराच वेळ हात हलवला, इतका की काकूंना समोर बघा म्हणून सांगावं लागलं.

अक्काचं घर तिथून पाऊण तासावर. ती अंगणाच्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती, दुपारपासून बसली असावी. गाडीच्या आवाजाने उठली. अजून उजेड होता. तिने अण्णांचं तोंड दोन्ही हातांत धरून आपल्या तोंडापासून वीतभर अंतरावर आणलं आणि सावकाश, वरून खाली, बघून घेतलं.

“नाक तेच आहे,” ती म्हणाली. “बाकी माणूस कुणीतरी म्हातारा दिसतोय.” आणि मग हात काढायचे विसरून तशीच उभी राहिली. अण्णाही हलले नाहीत.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. वरिष्ठांची चिठ्ठी अक्काला वाचून दाखवली होती, त्यामुळे ती आत जाताना डॉक्टरांनाच धीर देत गेली, असं नर्स म्हणाली. गुरुवारी दुपारी ती एका डोळ्याला पट्टी बांधून पलंगावर पडली होती आणि अण्णा शेजारी खुर्ची ओढून पत्र लिहीत बसले होते. दोन्हीकडच्या कचेऱ्यांना आणि मोटार संघाला, प्रत्येकी एक. अडचण अशी की त्यांनी कोणाचंच नाव विचारलं नव्हतं. दिवसभर ज्यांच्यामागे धावले त्यांची ओळख म्हणजे सर्दी, दात, स्टूल आणि फरशा एवढीच. शेवटी त्यांनी तसंच लिहिलं. ‘ज्यांना त्या दिवशी सर्दी झाली होती त्या गृहस्थांस.’ ‘ज्यांनी पासपोर्ट न उघडता परत दिला त्यांस.’ ड्रायव्हरचा पत्ता तर कुठलाच नव्हता. तेव्हा त्याच्यासाठी खिडकीतल्या बाईंच्या पत्रात खाली दोन ओळी घातल्या, की फरशा कुठल्याही रंगाच्या असोत, माणूस खात्रीचा आहे. मुलीच्या पत्राला सगळ्यात जास्त वेळ लागला. ते चार वेळा सुरू केलं आणि चारही वेळा त्यात ‘प्राप्त’ हा शब्द आला.

अक्काने सगळी पत्रं वाचून दाखवायला सांगितली. ती डोळा मिटून ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, “आणि तुझ्या बायकोचं?”

अण्णांनी सांगितलं की कचेऱ्यांच्या पत्रात घरच्यांचे आभार मानत नसतात.

“मग तोंडी मान,” अक्का म्हणाली. “फाटकावरच्या माणसाला एवढं लिहिलंस, आणि ती तुझ्यासाठी दिवसभर तिथे कपडे शिवत बसली.”

अक्काने सांगितलं म्हटल्यावर अण्णा हो म्हणाले आणि उठले. स्वयंपाकघरात काकू पाठमोऱ्या उभ्या राहून कप विसळत होत्या. अण्णा दारात थांबले. ज्या बाईच्या बडबडीचा त्यांना एवढी वर्षं संकोच वाटत आला, त्या बडबडीमुळेच ट्रकवाला भेटला होता, तपासनीस बसला होता आणि पाच वाजायच्या आत फाटक उघडलं होतं, हे सगळं त्यांच्या मनात अगदी मुद्देसूद तयार होतं. त्यांनी घसा साफ केला. पुढे काहीच आलं नाही.

काकूंनी मागे वळून पाहिलं. “काय हवंय? चहा टाकू का?”

“काही नको,” अण्णा म्हणाले. “सगळं आहे.”

काकूंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं, जवळ आल्या आणि ताप आहे का म्हणून त्यांच्या कपाळाला ओला हात लावला.